हात मागे गेल्यावर

त्या बाईनं हात वर करून माझे आभार मानले आणि मला कळेना की कशाबद्दल. गुरुवारची सकाळ, पावणेदहा झालेले. कोपली भागाकडे जाणारी माझी ट्राम थांब्यावर उभी, दारं मिटलेली, सिग्नल मोकळा झालेला. रुळांच्या डाव्या अंगाला एक तरुण बाई बाबागाडी घेऊन उभी होती. लाल रेनकोट, बाबागाडीच्या दांड्याला पावाची पिशवी. मी तिला पाहिलं, ती थांबलीय हे मनात नोंदवलं, आणि ती उजव्या अंगाला होती. बाबागाडीसकट. माझ्याकडे वळून, हात वर करून हसत होती. डावीकडून उजवीकडे जायचं तर तिला माझ्या नाकासमोरून, काचेपासून दोन हातांवरून जावं लागलं असणार. ते जाणं मी पाहिलंच नव्हतं. डोळे उघडे होते, माझा हात ट्रामच्या दांड्यावर होता, आणि ती नुसती इकडे नव्हती, तिकडे होती. पाठीमागच्या काचेवर कुणीतरी बोटानं टकटक करत होतं. आमच्या शहरातले प्रवासी ड्रायव्हरशी बोलत नाहीत, बोलले म्हणजे काहीतरी खरोखर बिघडलंय असं समजावं. ‘‘निघायचंय का आज, की इथंच मुक्काम?’’ एका म्हाताऱ्यानं विचारलं. मी दांडा पुढे सरकवला, ट्राम निघाली. बाईला वाटलं असणार, काय भला माणूस आहे, सिग्नल असून आपल्यासाठी थांबला. सव्वीस वर्षं मी ट्राम चालवतोय. लोकांनी शिव्या दिल्या, काचेवर बर्फाचे गोळे मारले. आभार हे पहिलेच, आणि तेही मी तिथे नसताना.

शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं मिळतात. तिथे उभा राहून मी थर्मासमधली कॉफी प्यालो आणि स्वतःला पटवलं की यात काही नाही. मी फेकत होतो, एवढंच. हा खेळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की दिवसभर मनात फेकणं चालूच असतं. जंगलात लोखंडी खांबांवर टोपल्या उभ्या केलेल्या असतात, त्यांना साखळ्या लटकत असतात, आणि ताटलीएवढी चकती लांबून फेकून त्या साखळ्यांत अडकवायची, इतकाच खेळ. पण माणूस दुकानात रांगेत उभा असतो आणि त्याचा डावा पाय आपोआप उजव्याच्या मागून आडवा सरकतो. माझी बायको माइए हेलसिंकीच्या बोटीवर काम करते, आठवडाभर समुद्रावर, आठवडाभर घरी. घरी असली की म्हणते, स्वयंपाकघरात माझ्यामागे नाचू नकोस, एक दिवस गरम बटाट्यांचं पातेलं तुझ्यावरच सांडेल. तर मी फेकत असणार. दांड्यापाशी बसून पाय खालच्या खाली हलवत असणार. चूकच ती, पण कळण्यासारखी चूक. ड्यूटीवर खेळाचा विचार करायचा नाही, अशी मी स्वतःला ताकीद दिली, आणि परतीच्या फेरीत शाळामास्तरासारखा स्वतःवर नजर ठेवून बसलो. एकही थांबा चुकला नाही. दुपारी ड्यूटी संपली तेव्हा जिवात जीव आला होता, पण संध्याकाळी खेळायला जावंसं काही वाटत नव्हतं.

तरी गेलो, कारण शनिवारी जोडीची स्पर्धा होती आणि माझी जोडीदार माझीच मुलगी होती. केर्तू चोवीस वर्षांची आहे, जमिनींची मोजणी करते, तिपाईवर दुर्बीण लावून लोकांची कुंपणं कुठे संपतात ते सांगत फिरते. तिचं फेकणंही तसंच, नेमकं, वाया काही नाही. माझं फेकणं हा तिच्या दृष्टीनं एक जुना, दुरुस्तीला आलेला प्रकल्प आहे. आणि या प्रकल्पाचे मुख्य अभियंते म्हणजे हेल्दुर सर. शाळेत त्यांनी मला दोरीवर चढायला शिकवलं, आता अठ्ठ्याहत्तरीत चकती फेकायला शिकवतात. सगळ्यांना अरेतुरे करतात आणि सगळे त्यांना अहोजाहो करतात. मे महिन्यात पहिल्यांदा माझी फेक पाहून ते इतके हसले होते की त्यांना पाइनच्या झाडाला टेकावं लागलं. ‘‘आर्वेद, तुझं बूड अजून ट्रामच्या सीटवर आहे! नुसत्या हातानं फेकतोस तू. वजन मागच्या पायावर सोडून हात पुढे पळतो. बैल मागे, गाडी पुढे!’’ खरंच होतं ते. सव्वीस वर्षं माझे फक्त हातच कामाला जात होते.

मग त्यांनी मला पहिल्यापासून चालायला शिकवलं. उजवा पाय, मग डावा त्याच्या मागून आडवा, मग पुन्हा उजवा. डावा आडवा जातो तेव्हा हात चकती घेऊन मागे जातो, पार मागे, खांदा ताणेपर्यंत, आणि त्या वेळी पाठ टोपलीकडे झालेली असते. नजर टोपलीवरून काढावीच लागते. हे मला महिनाभर जमलं नाही. ज्या दिशेला काही सोडायचं, तिकडे पाठ करायची, हे माझ्या हाडांना मान्यच नव्हतं. मी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून टोपलीकडे बघत राहायचो आणि त्यानं खांदा अडायचा. सर म्हणायचे, ‘‘टोपली कुठे पळून जात नाही. बघायचं सोड.’’ आणि दुसरं, हातानं थांबायचं. उजवी टाच जमिनीत रुतेपर्यंत, सगळं वजन तिच्यावर येईपर्यंत हात मागेच राहायला हवा. टाच टेकली की कंबर फिरते, कंबरेमागून खांदा, खांद्यामागून कोपर, आणि मनगट शेवटी. एकाआधी दुसरा आला तर सगळं फुकट. त्यासाठी त्यांनी एक व्यायाम लावून दिला. धावत न येता जागच्या जागी पाय टाकायचे, हात मागे न्यायचा, तिथेच थिजायचं, मनात दोन मोजायचे, आणि मग वजन पुढे सोडायचं. जून, जुलै मी हेच केलं. आणि जुलैत कधीतरी सर ओरडले, ‘‘अरे वा! आला बघ धीर! आता थांबतोय हा माणूस!’’ त्या दिवशी माझी चकती पहिल्यांदा नव्वद मीटर गेली. मला किती अभिमान वाटला होता. पन्नाशी उलटल्यावर शरीर नवीन काही शिकतं, याहून मोठं सुख मला तरी ठाऊक नाही.

गुरुवारी संध्याकाळी नोम्मेच्या जंगलात उजेड तिरपा झालेला, ब्लूबेरीची पानं लाल व्हायला लागलेली, आणि पाऊस पडून गेल्यामुळे लोक आळंबी वेचायला आलेले. केर्तूनं फोन तिपाईवर लावला. ती कामाची तिपाई खेळालाही आणते. ‘‘बाबा, सहा फेकी मार, थांबू नकोस, मी सगळ्या फोनवर घेते,’’ ती म्हणाली. मी सहा फेकी मारल्या. हाताला बऱ्या लागल्या. चौथी जरा आखूड पडली, पण वाऱ्यानं पडली असेल असं मला वाटलं. सरांनी खिशातून चॉकलेटचं आवरण असलेली दह्याची वडी काढून खायला घेतली. आम्ही तिघं त्या लहानशा पडद्यावर वाकलो. पहिली फेक. सर म्हणाले, ‘‘टाच बघ, टाच छान.’’ दुसरी. तिसरी. ‘‘डावा गुडघा आत येतोय, बरं आहे.’’ चौथीत मी उजवा टाकला, डावा मागून नेला, हात मागे गेला, पाठ वळली, आणि चित्र थांबलं.

‘‘अडकला तुझा फोन,’’ मी म्हणालो.

‘‘अडकला नाही. ती आजी बघ की, चालतेय.’’

आणि खरंच, माझ्या खांद्यापलीकडे, झाडांमधून, निळ्या रुमालातली एक म्हातारी आळंब्यांची बास्केट घेऊन चालली होती. एका खोडामागे गेली, दुसऱ्या बाजूनं बाहेर आली, वाकली, काहीतरी उचललं, वास घेतला, टाकून दिलं. पुढच्या बाजूला मी उभा होतो, हात मागे ताणलेला, एक टाच हवेत. मी त्या म्हातारीच्या जगात नव्हतो. मग टाच खाली आली, कंबर फिरली, हात आला, आणि चकती गेली, जरा आखूड.

‘‘पाच सेकंद आणि वर दोन दशांश,’’ केर्तू म्हणाली. मोजल्याशिवाय तिला चैनच पडत नाही. ‘‘बाबा, दोन मोजायचे होते. तू वरती जाऊन चहा पिऊन येतोस! सगळा वेग मरतो त्यात.’’

‘‘धीर जरा जास्तच झाला,’’ सर म्हणाले. ‘‘महिनाभर बघतोय मी, सांगणारच होतो. थांबायचं म्हणजे बसस्टॉपवर थांबायचं नव्हे रे.’’

महिनाभर. मी केर्तूला म्हणालो, चेहरा मोठा करून दाखव. तिनं दोन बोटांनी पडदा ताणला. माझा चेहरा झाडाकडे होता, डोळे उघडे, आणि त्यांत कुणी नव्हतं. मी स्वतःला एकावन्न वर्षं आरशात बघत आलोय, मला ठाऊक आहे की मी घरात असलो की कसा दिसतो. आणि ओठ हलत होते. बारीक, काहीतरी चघळल्यासारखे, चव नसलेलं काहीतरी.

‘‘मोजतोस ना?’’ केर्तूनं विचारलं. ‘‘ओठ हलतायत. मोठ्यानं मोजतोस, म्हणून लांबतं.’’

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘मोजतो.’’

‘‘मोजू नकोस,’’ सर म्हणाले आणि वडीचा कागद घडी करून खिशात ठेवला. ‘‘टाचेचं ऐक. टाच टेकली की हात. मोजायला काय, तू काय भांडवलदार आहेस?’’ ते स्वतःच हसले. केर्तूही हसली. मीही हसलो असेन. मला पाय गार पडल्याचं आठवतं, बुटांच्या आत, मोज्यांच्या आत. मी मोजत नव्हतो. मला मधलं काही आठवत नव्हतं. हात मागे गेला आणि टाच टेकली, यांच्यामध्ये माझ्या हिशेबानं काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसलेल्या जागेत एक म्हातारी दोन झाडं पार करून गेली होती.

माझ्या आईचे ओठ असेच हलायचे. हे मी आता लिहितोय तितक्या सरळपणे मला त्या वेळी सुचलं नाही. आधी गायींचा वास आला. आई सामूहिक शेतीच्या गोठ्यात दूध काढायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, शाळेतून थेट गोठ्यात जायचो, कारण तिथे ऊब असायची. ती बादलीतून कॅनमध्ये दूध ओतत असायची आणि मधेच थांबायची. म्हणजे ती थांबायची, दूध थांबायचं नाही. कॅन भरून दूध तिच्या रबरी बुटांवरून नाल्याकडे जायचं, आणि ती भिंतीकडे बघत ओठ हलवत असायची. इतर बाया म्हणायच्या, ‘‘गेली बघा लिंडा फिरायला.’’ घरीही आम्ही तेच म्हणायचो. आई सूप वाढता वाढता थांबली की बाबा म्हणायचे, थांबा, आई फिरायला गेलीय, येईल आता. ती यायची, पळी तशीच हातात, आणि विचारायची, काय हसताय? आम्ही खूप हसायचो. एका शनिवारी सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, तिनं हात तापलेल्या दगडांवर ठेवला, कदाचित तोल जाऊन, कदाचित उगाच, आणि काढला नाही. मी समोर बाकावर बसलो होतो. तो आवाज आणि तो वास मी कुणालाही कधी सांगितलेला नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, दुखणंसुद्धा नव्हतं, आणि मी तिला ओढलं नाही, कारण मला वाटलं, तिला कळत असेलच. मोठ्या माणसांना कळतं. त्यानंतर तिला गोठ्यातून काढून कँटीनमध्ये बटाटे सोलायला बसवलं. तिला त्याची फार लाज वाटायची. ती म्हणायची, गायी मला शोधत असतील. पुढे मी सैन्यातून परत आलो त्या उन्हाळ्यात ती तळ्याच्या धक्क्यावर सतरंज्या धुवायला गेली. पाणी गुडघाभरच होतं, आणि ती त्यात पालथी सापडली. लोकांना बाबांनी सांगितलं, हृदय. मीही तेच सांगत आलोय, डॉक्टरांच्या फॉर्मवरसुद्धा. दर दोन वर्षांनी ट्रामच्या ड्रायव्हरांची तपासणी होते, त्यात विचारतात, आईवडिलांना काही आजार? मी लिहितो, आई, हृदय.

‘‘चल, पाचवी बघू,’’ केर्तू म्हणत होती. पाचवी, सहावी ठीक होत्या. मी म्हणालो, दमलोय आज. सर म्हणाले, शनिवारी टाच, लक्षात ठेव, आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. गाडीपाशी आल्यावर मी केर्तूला किल्ली दिली. ‘‘मी चालवू?’’ ती म्हणाली. ‘‘कधी नव्हे ते! माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवायची नाहीत हं मग.’’ मी म्हणालो, नाही ठेवत. तिच्या शेजारी बसून मी रस्त्याकडे बघत राहिलो आणि प्रत्येक झाड मोजत राहिलो. एक झाड सुटलं तर कळेल असं वाटत होतं. मग लक्षात आलं की सुटलेलं झाड मोजलं जाणारच नाही. मोजणाऱ्यालाच कळणार नाही. मी काच खाली करून तोंड वाऱ्यात धरलं. ‘‘एवढी वाईट चालवते का मी?’’ केर्तूनं विचारलं. मला तिला सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण सांगितलं असतं तर तिनं मोजायला सुरुवात केली असती, माझ्याकडे त्या दुर्बिणीतून बघायला लागली असती, आणि पुढे आयुष्यभर जेवताना मी घास घेऊन थांबलो की तिनंही चमचा खाली ठेवला असता. नाहीतर, त्याहून वाईट, ती हसली असती. आम्ही हसायचो तशी.

माइएचा बोटीवरून फोन आला तेव्हा मी शेपू घातलेले बटाटे तसेच ताटात ठेवून बसलो होतो. ती ओव्हरटाइमबद्दल बोलली, फिनिश प्रवाशांबद्दल बोलली, आणि मग म्हणाली, ‘‘आज रेंज बरी आहे. परवा तू मधेच गायब झालास. मी आपली हॅलो हॅलो करतेय.’’ मी विचारलं, किती वेळ? ‘‘मला काय ठाऊक? इथं खाडी सोडली की रोजचंच आहे ते.’’ मला ते आठवत नव्हतं. मला परवाचा फोन अखंड आठवत होता. किती जण मला सांभाळून घेत होते, प्रत्येक जण आपापलं कारण देऊन. माइएनं रेंज म्हटलं, सरांनी धीर म्हटलं, केर्तूनं मोजणं म्हटलं, त्या बाईनं भलेपणा म्हटलं. आणि मी स्वतः खेळ म्हटलं होतं. फोन ठेवल्यावर मी खूप वेळ भिंतीकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

शुक्रवारी माझी दुपारची ड्यूटी होती. सकाळी मी फोन पावाच्या डब्याला टेकवून स्वतःकडे तोंड करून ठेवला आणि तासभर चित्रण चालू ठेवून स्वयंपाकघरात वावरलो. काळ्या पावावर मासे ठेवले, खाल्ले, भांडी घासली, कोरडी केली, पेपर वाचला. मग ते सगळं पाहिलं, एकही सेकंद पुढे न ढकलता. एका पन्नाशीच्या माणसाला तासभर मासे खाताना बघणं, याहून मोठी शिक्षा नाही. त्यात काही नव्हतं. तो माणूस सबंध तास घरात होता. मी उठून खिडकी उघडली, समोरच्या इमारतीत कुणी गालिचा झटकत होतं, तो धप धप आवाजसुद्धा गोड लागला. मी ठरवलं, सोमवारी बघू. माइए घरी येईल, तिच्याशी बोलू. आज, उद्या, परवा, तीन दिवसांत काय होतंय? आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं? सांगितलं की परवाना गेला. एकावन्न वर्षांचा, दुसरं काही न येणारा माणूस. तिकीटघरात बसवतील, नाहीतर डबे पुसायला. सकाळी सहाची पहिली ट्राम घेऊन समुद्राच्या बाजूनं शहरात शिरताना सगळे रूळ आपले असतात, ते कुणीतरी दुसरा घेईल. आईला काढलं तेव्हा तिला कसं वाटलं असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी ट्राम चालवायचीच, असं ठरवून बूट घातले. बूट घालताना आधी उजवा की डावा घातला ते आठवेना, आणि मी तिथेच दारात पुन्हा दोन्ही बूट काढून, बघत बघत घातले.

डेपोपर्यंत मी चालत गेलो. पंचवीस मिनिटं. चालताना मनाला आवर घालत होतो, पण आकडा आपोआप आला. हा आकडा आम्हाला पहिल्याच वर्षी पाठ करायला लावतात. ताशी चाळीसच्या वेगानं ट्राम एका सेकंदात अकरा मीटर जाते. पाच सेकंदांत पंचावन्न. वरचे दोन दशांश धरले तर अजून दोन मीटर. पंचावन्न मीटरांत काय काय येतं? शाळेसमोरची वाट येते. दवाखान्यासमोरची वाट येते, जिथे कुबड्यावाले लोक सिग्नलकडे न बघता, फक्त आपल्या पायांकडे बघत जातात. आमच्याकडे दांड्यावरचा हात सुटला तर गाडी आपोआप थांबते, पण माझा हात सुटत नाही. पडद्यावर मी पाहिलं होतं. चकती मी पाच सेकंद घट्ट धरून उभा होतो. शरीराला उन्हाळाभर शिकवलं होतं ना, थांब, धर, घाई करू नको. ते किती चांगलं शिकलं होतं. फाटकातून आत शिरलो तेव्हा घामानं बनियन पाठीला चिकटला होता आणि बाहेर तर बारा अंशसुद्धा नव्हते.

डेपोत शिरलं की आधी नळीत फुंकायचं. दारू प्यालेला नाही, हे यंत्र सांगतं. मी फुंकलं, शून्य आलं, हिरवा दिवा लागला. मग खिडकीपाशी साल्मे बसते, ड्यूटीची पानं वाटते. साल्मे माझ्यानंतर दोन वर्षांनी आली. तिची नातवंडं मला ठाऊक आहेत, माझे गुडघे तिला ठाऊक आहेत. तिच्यासमोर एक पेन दोरीनं बांधलेलं असतं, कारण आम्ही सगळे ड्रायव्हर पेनं पळवतो. रांग नव्हती. ‘‘आलास?’’ ती म्हणाली. ‘‘चार नंबर, नवी गाडी आहे, मजा कर.’’ मी वाक्य तयार करून आणलं होतं, फाटकापासून इथपर्यंत त्याचा सराव केला होता. आधी नाव, मग दम, मग सगळं वजन टाकून पुढचं. मी म्हणालो, ‘‘साल्मे.’’ आणि मग मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, की मला मधेच काही होतं, मी नसतो, मला गाडी देऊ नकोस. सांगितल्यावर छातीवरचं ओझं उतरलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. आता ती काय म्हणते याची वाट बघत मी उभा राहिलो.

‘‘मग?’’ साल्मे म्हणाली. ‘‘उभा काय राहिलास? चार मिनिटं राहिली.’’

माझ्या हातात ड्यूटीचं पान होतं. खाली माझी सही होती, नेहमीचीच, शेवटचं अक्षर लांब ओढलेली. शाई अजून ओली होती. दोरीचं पेन खिडकीच्या कडेवरून लोंबत होतं, अजून जरासं झुलत होतं. मी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

‘‘मी आत्ता तुला काय म्हणालो?’’

‘‘काय म्हणणार? ‘साल्मे’ म्हणालास. मग सही केलीस. बरं नाही का तुला? चेहरा किती पांढरा पडलाय.’’

मागे दोघं जण आले होते, एकजण घड्याळ बघत होता, फाटकाबाहेर माझी गाडी दिवे लावून उभी होती. मी ते पान तिच्याकडे सरकवलं आणि खिडकीची कड दोन्ही हातांनी धरली. मला टाचा बुटांत रुतलेल्या कळत होत्या, एवढंच काय ते कळत होतं. वाक्य संपेपर्यंत मी इथे असेन याची खात्री नव्हती, म्हणून नाव घेण्यात वेळ न घालवता, शेवटचं होतं तेच आधी बोललो.

‘‘मला गाडी देऊ नकोस,’’ मी म्हणालो. ‘‘ऐकू आलं का तुला? म्हणालो का मी? मोठ्यानं सांग, साल्मे, मी काय म्हणालो ते मला सांग.’’